तुझे उरलेले बावीस दिवस

मावशी, तुझ्या डब्यात किती पैसे साठलेत ते मी मोजलेलं नाही. तुझ्या पास्कूने हातात दिला तेव्हा एकदा कानाशी धरून हलवला, तेवढंच. आवाजावरून मला कळतं. अर्ध्याच्या जरा खालीच असेल.

बुधवारी सकाळी तुला देवळाच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, आवारात मातीत ठेवलं. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, मीही टाकली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने हळूच विचारलं, "तू तिचा कोन?" मला चटकन सांगता येईना. भाडेकरू म्हणावं, तर तुझी खोली सोडून पाच वर्षं झाली. नातं सांगावं, तर मी भंडाऱ्याकडचा, तू इथल्या गास गावची. माझ्या गावाहून इथे पोचायला अजून दोन दिवस मोडतात. शेवटी म्हणालो, "मी तिच्याकडे शिकायला होतो." बाई म्हणाली, "तिला तर सहीपन येत नव्हती." मी म्हणालो, "हो."

तिथून तुळिंजला घरी आलो. बायकोने भात चढवला होता. एक सणसणीत उकळी आली आणि माझा हात आपोआप स्टोकडे गेला. स्टो बंद, पातेलं पेंढ्याच्या पेटीत, वर झाकण, झाकणावर गोधडीचा तुकडा. बायको म्हणाली, "आज तरी राहू द्या." मी म्हटलं, "आज तर नक्कीच." अर्ध्या तासाने भात मोकळा शिजला होता, एक घोट रॉकेल जास्तीचं न जाळता. बायकोने त्याआधी दिलेला माझा चहा मात्र तसाच गार झाला होता.

मला आठवीपासून शाळा नाही, तरी हे सगळं लिहून ठेवतोय, कारण तोंडाने बोलायची वेळ मी घालवली. तू समोर होतीस तेव्हा मी आपला गंमत करत राहिलो.

माझे बाबा पितळेची भांडी ठोकायचे. घरोघर स्टीलची भांडी आली आणि बाबांचं काम बसलं. मी शाळा सोडली आणि पोटासाठी आलो तो थेट वालीवला, स्टीलच्याच भांड्यांना चकाकी आणायच्या कारखान्यात. बफिंग म्हणतात त्याला. फिरत्या चाकावर भांडं दाबून धरायचं. भांडं लख्ख होतं आणि माणूस काळा. रोजचे नऊ रुपये. शेजारच्या चाकावर दशरथ होता, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, बोलायला गोड. एकदा म्हणाला, "पतपेढीतून कर्ज घेतोय, बहिणीचं लग्न आहे. एक सही पाहिजे. तुला सही येते ना?"

त्या 'येते ना'ला मी भुललो. आमच्यातल्या निम्म्यांचा अंगठा होता. मी ऐटीत सही केली, खाली गावचा पत्ताही सुवाच्य अक्षरात लिहिला. जामीनदार म्हणजे हा माणूस चांगला आहे असं सांगणारा, अशी माझी समजूत. तीन महिन्यांनी दशरथ नाहीसा झाला, आणि पेढीतल्या साहेबाने मला बोलावून चष्म्यावरून विचारलं, "जामीनदार म्हणजे काय वाटलं होतं तुम्हाला? साक्षीदार?" मला तेच वाटलं होतं. व्याजासकट अठराशे रुपये. महिन्याला शंभर, अठरा महिने. एक जरी हप्ता चुकला तर जप्तीची नोटीस गावच्या पत्त्यावर.

गावच्या पत्त्यावर माझी माय होती आणि बाबांची हत्यारं होती. बाबा तेव्हा नुकतेच गेले होते. दुसरं जप्त करण्यासारखं घरात काही नव्हतं. मी मायला पत्रात 'सर्व ठीक' लिहीत होतो आणि पोस्टमन तिच्या दारात उभा राहून तो दुसरा कागद वाचून दाखवतोय असं मला जागेपणी दिसायचं. मी मुळातच घाबरट. तेव्हा तर चाकाचा पट्टा जरा जोरात वाजला तरी दचकायचो.

तुळिंजच्या खोलीत आम्ही सहा जण राहायचो, माझ्या वाट्याला चाळीस रुपये भाडं. स्वस्त खोली शोधत एका रविवारी सोपाऱ्याच्या पुढे चालत सुटलो तो तुझ्या वाडीत आलो. तू मांडवावर सोललेली राजेळी केळी उन्हात पसरत होतीस, सुकेळ्यांसाठी. मी विचारलं, "तुम्ही खोली देता का?"

"तुम्ही कोन? मी एकटीच तर उभी हाय."

"नाही, म्हणजे तुम्ही..."

"तू म्हन. आनि तोंडाला काय फासलंयस?"

मी बफिंगचं सांगितलं. तू पगार विचारला नाहीस, जात-गाव विचारलं नाहीस. तुझा पहिला प्रश्न होता, "आंघोळीला साबन किती लागतो?"

"आठवड्याला दीड वडी."

"बापरे! राजाचा पोर." तू आत वळून हाक मारलीस, "पास्कू, बघ रे, राजा आलाय खोली बघायला." पास्कू, तुझा मुलगा, शाळेत मास्तर, वह्या तपासत पडवीत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "राजाला सांग, आधी चुलीची राख, मग साबण. वडी तीन आठवडे जाते." तुमच्या घरात हे सगळ्यांना पाठ होतं.

शिड्या आणि टोपल्या ठेवायची खोली तू मला पंधरा रुपयांत दिलीस. रविवारी केळींना पाणी घालायचं हे त्यातच आलं. कर्जाचं मी तुला सांगणार नव्हतो. आठ दिवसांत सांगितलं. तू ऐकलंस, हातातली सुकेळी पानात गुंडाळून वर केळीच्या सोपटाची गाठ मारलीस आणि म्हणालीस, "रोज काय काय जातं ते सांग."

"काहीच नाही जात."

"मग तू साधूच. साधूला सव्वीस दिवसांचे दोनशे चौतीस रुपये कशाला?"

मग निघालं एकेक. टपरीवरचे दोन चहा. फाटकापर्यंतची एसटी, जाता-येता. आठवड्याला एक ब्लेड. वाण्याकडची उधारी. मायला आंतरदेशीय पत्र. तू कशालाच वाईट म्हणाली नाहीस, हे मला आजही नवल वाटतं. ब्लेड काचेच्या ग्लासात आतून घासून दाखवलंस. एक ब्लेड महिनाभर चाललं. माझ्या सदऱ्याची कॉलर उसवून उलटी लावून दिलीस आणि म्हणालीस, "हा आता नवा हाय, मिरवू नको." वाण्याची वही मात्र तू बंदच करायला लावलीस. "वहीवर घेतलंस की तू भाव विचारत नायस. विचारायला तोंडच राहत नाय." हे मी पुढे किती जणांना सांगितलं असेन! आधीची उधारी फेडली, रोखीने घ्यायला लागलो आणि पहिल्याच महिन्यात नऊ रुपये वाचले. मालही तोच, वाणीही तोच.

पत्रावरून आपलं वाजलं. तू म्हणालीस, पोस्टकार्ड लिही, स्वस्त पडतं. मी म्हणालो, "कार्ड सगळं गाव वाचतं."

"मग वाचू दे. लपवन्यासारखं लिहू नको."

"काहून, मावशी? तुला काय माहीत काय लिहायचं असतं!"

माझं 'काहून', म्हणजे आमच्याकडचं 'का', ऐकून तू इतकी हसलीस की भांडण तिथेच राहिलं. त्या दिवसापासून ते तू उचललंस. पास्कू उशिरा आला तरी 'काहून', फणस कच्चा निघाला तरी 'काहून'. मी मात्र पोस्टकार्डावर आलो. 'सर्व ठीक' एवढंच लिहायचं तर कार्ड पुरे होतं.

पावडरच्या रिकाम्या डब्याला तू कोयत्याच्या टोकाने फट पाडून दिलीस. "चारान्याचं नानं खिशात राहिलं तर ते चहावाल्याचं. ह्यात पडलं तर तुझं." मी रोज संध्याकाळी झाकण काढून पैसे जमिनीवर मांडायचो, मोजायचो, पुन्हा भरायचो, पुन्हा मोजायचो. तू आठवडाभर बघितलंस. मग मेणबत्त्यांची उरलेली टोकं वितळवून झाकण मेणाने चिकटवून टाकलंस. "आता हलवून ऐक. उघडायचं महिन्याच्या शेवटच्या दिवशी."

"कमी पडले तर?"

"कमी पडले तर तेव्हा कमी पडतील. आज कशाला?"

मी डबा कानाशी धरून झोपायला लागलो. हसू नकोस. त्या आवाजाने मला झोप लागायची. महिनाभरात मला नुसत्या आवाजावरून दहा-वीस पैशांच्या फरकाने रक्कम सांगता येऊ लागली, आणि तुलाही येत होती हे मला फार उशिरा कळलं.

मग तो बुधवार आला. तू सकाळी देवळातून आलीस, कपाळावर काळा डाग. मला वाटलं चुलीची राख लागलीय. मी आपला चांगुलपणाने पुढे झालो, "मावशी, कपाळ पुसायचं राहिलं," आणि रुमालाने ते पुसून टाकलं. स्वच्छ. पास्कू खुर्चीवरून उठून उभा राहिला. तू माझा हात धरलास तो तसाच.

"माझी वर्षाची राख पुसलीस रे!"

मी काळा झालेला रुमाल मुठीत लपवला. राखेचा बुधवार म्हणजे काय ते पास्कूने मास्तरासारखं समजावलं. आजपासून रविवार सोडून चाळीस दिवस उपासकाळ. प्रत्येकाने आपल्या आवडीची एक गोष्ट सोडायची आणि तिचे वाचलेले पैसे बाजूला टाकायचे, ईस्टरला गरिबांसाठी द्यायचे. तुझा त्याचा वेगळा पत्र्याचा डबा होता. काकांनी, म्हणजे तुझ्या मालकांनी, जिवंत असताना खिळ्याने त्यावर क्रूस कोरला होता. तू तो फळीवर माझ्या डब्याशेजारी ठेवलास. "राख पुसलीस ना? भर आता. माझ्याबरोबर चाळीस दिवस धर. मी मशेरी सोडते. तू?"

मी टपरीवरचा चहा सोडला. माझे पैसे माझ्या डब्यात, तुझे तुझ्या. तू त्या दिवसांत काय चिडखोर झालीस! मशेरी नाही म्हणून कोंबड्यांना ओरडायचीस, केळींना ओरडायचीस. मला म्हणालीस, "चाळीस दिवस माझ्याशी बोलायचं असेल तर लांबून बोल." आणि मी चहाविना डोकं धरून चाकापुढे उभा. पण पंधरा दिवसांनी डोकं दुखायचं थांबलं. चहाची वेळ यायची आणि निघून जायची. मला पहिल्यांदा वाटलं की मी काहीतरी करू शकतो. दशरथने माझ्याकडून सही घेतली होती. चहा माझ्याकडून कोणी घेतला नव्हता, तो मी सोडला होता.

आणि मग मी ते केलं. आपण त्याबद्दल त्या वर्षानंतर पुन्हा कधी बोललो नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

चौथ्या आठवड्यात कारखान्याची मोटर जळली. पाच दिवस काम बंद, पंचेचाळीस रुपये गेले. महिन्याच्या शेवटी मी मेण फोडून डबा ओतला, खिसे उलटे केले, तरी शंभराला अकरा कमी. तू दोन दिवस बहिणीकडे विरारला गेली होतीस, पास्कू शाळेत. फळीवर तुझा डबा. मी अकरा रुपये काढले. पगार झाला की परत ठेवायचे असं ठरवूनच काढले. पण डबा हलका वाजायला लागला. मला तो आवाज सहन होईना. मग मी खिशातली कारखान्यातली सात वायसरं, नटाखाली घालायच्या त्या पोलादी चकत्या, तुझ्या डब्यात टाकली. हलवून पाहिला. मला वाटलं, जमलं.

तू आलीस, मशेरीचे दोन दिवसांचे पैसे टाकलेस, सवयीने डबा हलवलास. थांबलीस. पुन्हा हलवलास.

"पोरा, इकडे ये. हे काय वाजतंय?"

"पैसे."

"पैसे असे नाय वाजत. ह्यात तुझ्या कारखान्याचं काहीतरी हाय."

मी तिथेच बसलो. सगळं सांगितलं. वाटलं, आता खोली गेली. तू म्हणालीस, "घेतलेस त्याचं नाय रे. माझ्याकडे मागितले असतेस तर पेटीतून काढून दिले असते. हे माझे नव्हतेच."

"मग कोणाचे?"

"ज्याला जेवायला नाय त्याचे."

"मग मीच तो," मी म्हणालो. मला रागच आला होता, लाजेचा राग. "मी पण गरीबच आहे ना?"

तू डबा उघडून वायसरं एकेक करून बाहेर काढायला लागलीस. "तू गरीब नायस. तू अडकलायस. अडकलेला मानूस सुटतो."

मावशी, त्या वाक्यावर मी पुढचे सगळे हप्ते फेडले. तुला सांगायचं राहिलं.

मी म्हणालो, पगार झाला की अकरा रुपये ठेवतो. तुला ते चालेना. "पगारातले नको. सोडून भर." म्हणून मी बस सोडली. सकाळी गासहून फाटकापर्यंत चालत, तिथून पुढे कारखान्याचा टेम्पो. संध्याकाळी परत चालत. रोजचे ऐंशी पैसे. तेव्हा उपासकाळाचे बरोबर चौदा दिवस उरले होते. शेवटच्या शनिवारी मी मोजून टाकले, अकरा रुपये वीस पैसे झाले. म्हणालो, "मावशी, वरचे वीस पैसे माझे."

"ते व्याज," तू म्हणालीस आणि डबा उचललास.

त्यानंतर मी बसमध्ये बसलोच नाही. पुढे काकांची गंजकी सायकल तू मला दुरुस्त करून वापरायला सांगितलीस, तोवर चाललो. चहाचे आणि बसचे मिळून महिन्याला पस्तीस-छत्तीस रुपये. त्या शंभराच्या हप्त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रक्कम नुसती टपरी आणि एसटीतून निघत होती, आणि काही महिन्यांपूर्वीपर्यंत मी शपथेवर सांगत होतो की माझं काहीच जात नाही!

आपलं खरं भांडण त्यापुढचं. ईस्टर झाला आणि तू म्हणालीस, "दर महिन्याला शंभर पेढीत भरतोस. एक रुपया ह्या क्रूसवाल्या डब्यात टाकत जा."

"मावशी, कर्जात बुडालेल्या माणसाने दान कसं करायचं? आधी फिटू दे."

"एक रुपयाने बुडशील?"

"उरलेल्या सोळा महिन्यांचे सोळा होतात. माझी जवळजवळ दोन दिवसांची मजुरी."

पास्कू माझ्या बाजूने होता. "आई, त्याचं गणित बरोबर आहे."

"गनित बरोबरच हाय. पोर चुकतोय." मग माझ्याकडे वळून, "तू दिवसभर नाय नाय म्हनतोस. एक रुपया दिलास तर तुझ्याकडे काहीतरी हाय हे तुलाच ऐकू येईल."

मी नाही दिला. मला पटलंच नव्हतं. खरं सांगू? अजूनही पुरतं पटलेलं नाही. देणं असलेल्या माणसाने आधी देणं फेडावं, असंच मला वाटतं. तू असतीस तर आत्ता म्हणाली असतीस, "वाटू दे." मग मी चिडलो असतो आणि पास्कूने चष्मा पुसत आपल्या दोघांना गप्प बसवलं असतं.

कर्ज फिटलं. एकही हप्ता चुकला नाही. पेढीची शेवटची पावती मी तुझ्या हातात दिली; तू ती पास्कूकडून दोनदा वाचून घेतलीस, शिक्क्यावर बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "आता गावाला जाऊन ये. तोंड दाखव." दोन वर्षांनी मी मायपुढे उभा राहिलो आणि घडाघडा सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, "तुले पेढीत बोलावलं ना, त्याच आठवड्यात एक कागद इथंबी आला होता बाप्पा. वाचून घेतला. तू ठीक लिवत होता, म्हून मीबी ठीकच म्हटलं." आणि माझ्या बहिणीने मागून सांगितलं, की त्या दिवसापासून मायने चहा सोडलाय, वाचलेली रेशनची साखर विकून ती माझ्या नावाने पैसे ठेवत होती.

परत येऊन हे तुला सांगितलं तेव्हा तू हसली नाहीस. म्हणालीस, "बघ. तिला कोनी राख पन लावली नव्हती."

पुढे माझं बरं चाललं. बफिंगचा मिस्त्री झालो. लग्न झालं, तुळिंजला खोली घेतली, रोख पैसे साठवून, कोणाच्या सहीशिवाय. कारखान्यात कोणी कागद घेऊन आला की मी आधी सगळा मोठ्याने वाचतो, सगळ्यांना ऐकवून, मग सही. कोणी कर्जात असला की त्याला विचारतो, साबण किती लागतो. आधी हसतात. तिघे सुटले आतापर्यंत. हे तुझ्याच कामातलं म्हणून सांगतो.

पण रुपयाचं तेवढं राहिलं. दर वर्षी राखेच्या बुधवारनंतर तू एकदाच विचारायचीस, "तुझा रुपया?" आणि मी म्हणायचो, आधी बहिणीचं लग्न. आधी खोली. आधी पाळणा. तू पुन्हा विचारायची नाहीस, पुढच्या वर्षीपर्यंत.

गेल्या शनिवारी आलो होतो तेव्हा तू खाटेवर होतीस. श्वास लागत होता. उशाशी तो डबा होता. डॉक्टरांनी मशेरी कायमचीच बंद केली होती, मग या वर्षी काय सोडलंस, मी विचारलं. "दुपारचा पाव," तू म्हणालीस. पास्कू मागून म्हणाला, "तिला तसाही जात नाही." तू त्याच्याकडे दुर्लक्ष केलंस. "तुझं काय यंदा?"

मी हसलो. "मावशी, मी थोडाच तुमच्यातला?"

"तेव्हा होतास?"

 मी तुझी चादर सारखी केली. डोळे भरले ते तू बघितलंस आणि हळूच म्हणालीस, "काहून?" तो माझ्या गावचा शब्द तुझ्या तोंडून शेवटचा. मी म्हणालो, बुधवारी येतो. तू मंगळवारी गेलीस, उपासकाळाच्या अठराव्या दिवशी. मी बुधवारी आलोच.

माती देऊन झाल्यावर पास्कूने मला पडवीत बसवलं. फळीवरून डबा काढून माझ्या हातात दिला. "आईचा डबा अर्धाच राहिला," तो म्हणाला. "मी माझा वेगळा भरतोय. याचं काय करू?"

मी कानाशी धरून हलवला. पावली, अधेली, रुपये. आणि त्यांच्यामध्ये एक बोदा आवाज, जो पैशाचा नव्हे. मी पास्कूकडे बघितलं.

"एक ठेवलंय तिने त्यात," तो म्हणाला. "सहा काढली, एक ठेवलं. दर ईस्टरला पैसे देऊन आली की ते वायसर पुन्हा रिकाम्या डब्यात टाकायची. मी विचारलं तर म्हणायची, भंडाऱ्याच्या पोराचा रुपया येईपर्यंत त्याच्या जागी हे."

मावशी, तुझ्यापुढे मी सात वर्षं गणित मांडत होतो आणि तू माझी जागा धरून बसली होतीस.

डबा मी घरी आणलाय. पास्कूला सांगितलं, उरलेले बावीस दिवस माझे. पगारातले पैसे नाहीत, सोडूनच भरतोय. चहा पुन्हा सोडलाय. बुधवारी तसाही चहा घेतला नव्हता, तो दिवस धरलाय. तू धरू दिला असतास असं वाटतं. आज शनिवार, चौथा दिवस. डोकं दुखतंय. टपरीवाल्याने आवाज दिला, "मिस्त्री, रागावलात का?" मी म्हटलं, "नाही रे. एकीचं काम घेतलंय हातात, ते पुरं करतोय."

डबा फळीवर आहे, माझ्या पावडरच्या डब्याशेजारी. मुलगी विचारते यात काय आहे, मी तिला हलवून ऐकवतो. वायसर अजून आतच आहे. चाळीसाव्या दिवशी ते काढीन, त्या जागी रुपया टाकीन आणि डबा तुझ्या देवळात नेऊन देईन. हिशेबापेक्षा थोडं जास्तच भरेल. वरचे पैसे मागणार नाही.